स्टोअरच्या दारामागच्या विजेत्या

बाईंचा फोन मंगळवारी दुपारी ऑफिसात आला. आम्ही आता राहतो त्या घरात त्या आमच्या आधी सात वर्षं राहिल्या होत्या. माझा नंबर त्यांना वॉचमनने दिला होता. "स्टोअरच्या दारामागची भिंत एकदा बघायची होती," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं लागतील. शुक्रवारी आले तर चालेल?" मी चालेल म्हटलं, दहाची वेळ ठरवली, डायरीत लिहिली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ पुढचं काम हातात घेता आलं नाही. ती भिंत मी तीन महिन्यांपूर्वी रंगवून टाकली होती.

क्रमाने सांगते, कारण क्रम सुटला की मला काहीच नीट सांगता येत नाही.

आम्ही जानेवारीत मस्कतच्या रुवी भागातला फ्लॅट सोडून मदिनत सुलतान काबूसमध्ये आलो. जुन्या बंगल्याचा तळमजला आहे. मागे सिमेंटचं अंगण, पुढे एक कडुनिंब. मुलगा पुण्यात कॉलेजात असल्यामुळे घरात आम्ही दोघंच. घर ताब्यात घेताना मालकाचा माणूस एक छापील कागद देतो. त्यावर जुने डाग, भेगा, फुटलेल्या फरशा लिहून सही करायची, म्हणजे घर सोडताना त्या आपल्या माथी येत नाहीत. लोक तीन ओळी लिहितात. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं आणि नंतर स्वतःचे कागद जोडले. तो माणूस दारात किल्ल्या खुळखुळवत उभा होता. "मॅडम, किताब लिख रहे हो? अर्बाब पढ़ेगा नहीं." मी म्हटलं, मालकांना वाचायचं नसेल तर नको, मला लिहायचं आहे.

एक्केचाळिसावी नोंद स्टोअरची होती. स्टोअर म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली बिनखिडकीची खोली. दार आत उघडतं, त्यामुळे त्यामागची भिंत दार लावून घेतल्याशिवाय दिसत नाही. मी आत जाऊन दार लावलं आणि दिवा लावला, तेव्हा रेघा दिसल्या. पेन्सिलच्या, आडव्या, पट्टी धरून मारलेल्या. एकूण सात. मुलांची उंची मोजताना मारतात तशा. मी टेप लावून प्रत्येकीची जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून घेतली: एकशे एक, एकशे आठ, एकशे चौदा, एकशे एकोणीस, एकशे सव्वीस, एकशे एकतीस, एकशे अडतीस. प्रत्येक रेघेशेजारी एका मुलीचं नाव होतं, फक्त पाचवीशेजारी काही नव्हतं. नावं मराठी अक्षरांत, मुली मात्र आपल्याकडच्या वाटत नव्हत्या. एक स्पॅनिश असावी, एक जर्मन. सगळ्यांत खालचं नाव ओळखीचं वाटलं, पण आमच्या ऑफिसात त्याच नावाची गोव्याची रिसेप्शनिस्ट आहे, त्यामुळे मी त्यावर थांबले नाही. पहिल्या चार नावांचं अक्षर मोठ्या माणसाचं, नेटकं. शेवटची दोन नावं लहान हाताने लिहिलेली होती. शिरोरेघ शब्द संपल्यावरही पुढे गेलेली, वेलांट्या जास्तीच्या मोठ्या. आमच्या मुलाचं मराठी लिहिणं असंच होतं. इथल्या शाळांतली मुलं आपापसात इंग्रजी बोलतात आणि मराठी लिहायला बसवलं की चित्र काढल्यासारखं लिहितात.

मी धरून चालले की इथे कुणीतरी शिकवणी घेत असणार किंवा पाळणाघर चालवत असणार. या भागात सगळ्या देशांची मुलं असतात. पण आठवड्याभरात मला त्यात काहीतरी खटकू लागलं. कुठलंही नाव दोनदा नव्हतं. एकीचीही दुसऱ्या वर्षीची रेघ नव्हती. प्रत्येक मुलगी एकदाच आली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, मोजून घेतलं आणि गेली. आणि पुढची आली ती बरोबर पाच-सात सेंटिमीटर उंच.

मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्यासारखीच कुणीतरी असेल. मुलीसुद्धा चढत्या क्रमाने लावल्या."

"आणि ही बिननावाची?"

"तिने फॉर्म भरला नसेल."

मी हसले. पण त्यानंतर स्टोअरमध्ये जाताना मला बरं वाटेना. मी घाबरट नाही. चौदा वर्षं या देशात राहिले आहे, नवरा साइटवर असताना महिनामहिना एकटी राहिले आहे. तिथे आवाज वगैरे काही येत नव्हता. उलट, अजिबात आवाज येऊ नये म्हणून कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटायचं. उंची मोजताना मुलं तशी उभी राहतात: टाचा जुळवून, हनुवटी सरळ, छाती भरून, रेघ मारून होईपर्यंत श्वास न सोडता. मी तांदळाच्या डब्यात माप घालायची आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास सोडायची वाट बघत आहे असं वाटायचं. सकाळी साडेसहाला, स्वयंपाकघरातला मिक्सर चालू असतानाही.

मी तांदूळ स्वयंपाकघरात आणला. मग कांदे-बटाटे. मग शिडीसुद्धा अंगणात ठेवली. मे महिन्यात कामांच्या यादीत मी लिहिलं: स्टोअर, ओल, रंग. नवऱ्याने ते वाचलं. "ओल? त्या खोलीत पापडसुद्धा मऊ पडत नाही." मी म्हटलं, कोपऱ्यात आहे, तुला दिसणार नाही. माझ्या याद्यांमध्ये मी आजवर एकच खोटी ओळ लिहिली आहे, ती ही.

हमरियातल्या एका रंगाच्या दुकानातून रंगारी मिळाला. साठीचा माणूस, फार न बोलणारा. त्याने आधी तीन भिंती घेतल्या. चौथीपाशी येऊन त्याने मला हाक मारली.

"मॅडम, ये तो बच्चों का है."

"हां."

"छोड़ दूँ इतना? लोग छुड़वाते हैं. मैं किनारे-किनारे से लगा दूँगा, पता नहीं चलेगा."

"हमारे बच्चे नहीं हैं."

"किसी के तो होंगे."

"खलास करो," मी म्हटलं आणि बाहेर आले. त्याने दोन हात दिले. रेघांचा मी फोटोही काढून ठेवला होता, तो त्याच दिवशी पुसला. यादी मात्र फाइलीत राहिली. मी कागद फेकत नाही.

भिंत पांढरी झाल्यावर तांदूळ पुन्हा आत गेला. बरं वाटणं मात्र परत आलं नाही. पूर्वी निदान रेघा कुठे आहेत ते दिसत होतं.

जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी हॉलमध्ये आठवड्याचे कपडे इस्त्री करत होते. क्रिकेटचा सामना पावसाने थांबला होता म्हणून नवऱ्याने टेनिस लावलं होतं. इंग्लंडातली ती गवतावरची स्पर्धा, महिला एकेरीचा अंतिम सामना. एक उंच चेक मुलगी आणि एक बुटकी, सारखी हसणारी इटालियन. आम्हा दोघांनाही टेनिसातलं काही कळत नाही. तो बुटकीच्या बाजूने होता, कारण ती बुटकी होती. सामना सुरू होण्याआधी पडद्यावर मागच्या काही वर्षांच्या विजेत्यांची नावं आली.

ती मी खालून वर वाचली. मग स्टोअरकडे बघितलं आणि पुन्हा वाचली.

फाइल काढून मी एक्केचाळिसावी नोंद उघडली. भिंतीवर होती ती सगळी नावं तिथे होती, त्याच क्रमाने. सगळ्यांत खालची ती अमेरिकन, जिचं नाव त्याआधीच्या वर्षांतही पुन्हा पुन्हा येतं. मग स्पॅनिश. मग डाव्या हाताने खेळणारी जर्मन. मग रुमेनियाची, जिने अंतिम सामना तासाभराच्या आत संपवला होता. मग एक वर्ष रिकामं. मग ऑस्ट्रेलियाची, जी जिंकल्यावर वर्षभराच्या आत, पहिल्या क्रमांकावर असतानाच, खेळ सोडून घरी गेली. मग कझाकस्तानकडून खेळणारी उंच मुलगी, जी जिंकल्यावर धड हसलीही नव्हती. हे सगळे तपशील मी त्या संध्याकाळी फोनवर वाचून काढले. नवरा म्हणाला, "शर्ट थंड झाले." मी शर्ट तसेच सोडले होते.

पूर्ण यादीही वाचली, अगदी पहिल्या वर्षापासून, एकोणिसाव्या शतकापासूनची. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात दोन सख्ख्या बहिणी समोरासमोर होत्या. काही बायकांची नावं पाच-सहा वर्षं सलग येतात, काहींची एकदाच येऊन पुन्हा कधीच येत नाहीत. यादी कशी असावी त्याचा तो नमुना आहे. एवढ्या काळात रिकाम्या जागा तीन ठिकाणीच आहेत: पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध आणि जग बंद पडलं होतं ते साथीचं वर्ष. एका ओळीत काही न लिहिण्यासाठी एवढं घडावं लागतं.

म्हणजे भिंतीपाशी सात मुली नव्हत्याच. एकच होती. दर वर्षी त्या सामन्याच्या दिवशी तिला कुणीतरी उभं करत होतं आणि तारखेऐवजी त्या वर्षी जिंकलेल्या बाईचं नाव लिहीत होतं. साथीच्या वर्षी कुणी जिंकलं नाही म्हणून नाव नाही, पण मुलगी वाढत होती म्हणून रेघ आहे. नवऱ्याला सांगितलं तर त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "फोटो आहे ना तुझ्याकडे?"

"पुसला."

"तू?"

पडद्यावर आणखी एक नाव होतं, आदल्या वर्षीचं. डाव्या हाताची, दंडावर गोंदण असलेली, मानांकन नसताना जिंकलेली चेक मुलगी. ती भिंतीवर नव्हती. त्या वर्षी ते लोक घर सोडून गेले असतील, असं मी ठरवलं. तारखा ताडून बघितल्या नाहीत. एरवी मी बघते.

आणि ऑगस्टच्या शेवटी फोन आला.

बुधवार-गुरुवार मी त्या भिंतीचाच विचार करत होते. भिंत परत आणता येत नव्हती, पण उंची माझ्याकडे होती, नावं होती आणि आता क्रमही कळला होता. नवरा गुरुवारी जेवताना म्हणाला, "मग अडतंय कुठे? पेन्सिल घे, सात रेघा मार. पाच मिनिटांत बघून जाणार ती."

"आणि भिंतीचा रंग नवा आहे, ते?"

"मालकाने रंगवली आणि रेघा तेवढ्या सोडल्या, म्हण."

"रंगाऱ्याने विचारलं होतं मला, सोडू का म्हणून."

"तेच म्हणतोय. सोडल्या असत्यास तर आता मारायची वेळ आली नसती. मार."

त्याला टोचायचं नव्हतं. त्याच्या मते तो मदतच करत होता, आणि हिशेबाने त्याचं बरोबरही होतं. मी टेप, पट्टी, पेन्सिल आणि यादी घेऊन आत गेले आणि दार लावलं. एकशे एकची रेघ मारली. नव्या प्लास्टिक पेंटवर पेन्सिल घसरत होती. मग मनात आलं की शेवटची दोन नावं लहान मुलीच्या अक्षरात लिहावी लागतील, तर आधी कागदावर करून बघू. यादीच्या मागच्या बाजूला मी डाव्या हाताने लिहून बघितलं. तसं आलं नाही. मग उजव्याने, सावकाश, वेलांटी मोठी करत, शिरोरेघ पुढे ओढत लिहिलं. पहिल्याच खेपेला हुबेहूब आलं. इतकं हुबेहूब की ते मी लिहिलं आहे असं मला वाटेना. हात माझाच होता, पण पेन्सिल कशी धरायची ते दुसरं कुणी ठरवत होतं. मी पेन्सिल खाली ठेवली. भिंतीवरची ती एक रेघ रबराने खोडली, तर तिथे राखाडी फराटा उरला. तो ओल्या फडक्याने पुसला तर आणखी पसरला.

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "झालं?"

"नाही. खरं सांगणार आहे."

"मग चहाबरोबर काहीतरी गोड ठेव," तो म्हणाला, आणि शुक्रवारी सकाळी नऊलाच गाडी धुवायला निघून गेला.

बाई दहाला पाच कमी असताना आल्या. चाळिशीच्या, सुती कुर्ता, केस आखूड कापलेले. इब्र्याहून एकट्या गाडी चालवत आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं काम आता तिकडे होतं, त्या स्वतः इंजिनिअर. बोलण्यात नागपूर होतं. आमच्या मुलाचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "छान आहे हो. उंच आहे." मी चहा ओतत होते. अशा वेळी मी जे विचारते तेच विचारलं.

"तुमची मुलगी कितवीत आहे आता?"

"सातवीत असती," त्या म्हणाल्या.

चहा कपात ओतून झाला तरी मी किटली तशीच धरून होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली. मग त्यांनीच सांगितलं, एखाद्या यंत्राचा बिघाड सांगावा तसं, क्रमाने. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुट्टीला नागपूरला गेले होते. ताप आला. डेंग्यू. पाच दिवस. त्यानंतर त्या या घरात परत आल्याच नाहीत. नवऱ्याने येऊन सामान बांधलं आणि थेट इब्र्याला नेलं. वर्षभर त्यांनी मस्कतच्या रस्त्याला गाडी घातली नव्हती.

आता सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, "ताई, ती भिंत राहिली नाही. मी रंगवून घेतली. मे महिन्यात. कुणाच्या रेघा आहेत ते मला माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "बघते तरी," म्हणाल्या.

आम्ही दोघी स्टोअरमध्ये गेलो. मी दार लावून घेतलं, कारण लावल्याशिवाय ती भिंत दिसत नाही. तीन माणसांना पुरेल एवढीच जागा आहे तिथे. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, वर-खाली फिरवला. खाली राखाडी फराटा होता, तिथे हात थांबला.

"हे काय?"

"काल मी रेघ मारली होती. पहिली. तुम्हाला दाखवायला. मग खोडली."

"तुम्हाला कसं माहीत, कुठे होती ते?"

मी यादी पुढे केली. एक्केचाळिसावी नोंद, सात आकडे, सहा नावं. मागच्या बाजूला मी लिहून बघितलेलं नाव होतं, ती बाजू हाताखाली झाकून धरली. दोन दिवस मला वाटत होतं की हा कागद बघून त्यांना काहीतरी परत मिळाल्यासारखं होईल. त्यांनी तो हातात घेतलासुद्धा नाही.

"हे पाठ आहेत मला," त्या म्हणाल्या. "एकशे एक, एकशे आठ, एकशे चौदा. पहिल्यांदा मोजलं तेव्हा चार वर्षांची होती. तारीख लिहिली तर कंटाळवाणं होते, म्हणून मी म्हटलं आज जिंकली तिचं नाव लिहू. कॉलेजात खेळायची मी. तो एक दिवस आम्ही दोघी सोफ्यावर पाय वर करून बसायचो, तिच्या बाबाला स्वयंपाकघरात पाठवायचो. मोठी झाल्यावर मी म्हटलं, नाव तू लिही, मराठीत लिही. तेवढंच मराठी लिहायची वर्षातून. म्हणायची, आई, या लोकांची नावं इतकी लांब का असतात."

त्या थोडं हसल्या. मग भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "मी सात बघायला नाही आले, ताई. आठवी आहे का, ते बघायला आले होते."

मला कळलं नाही असं मी दाखवलं. मला कळलं होतं.

"मागच्या वर्षी फायनलच्या दिवशी प्लान्टवर शटडाउनची दुरुस्ती होती. शनिवार असून मी कामावर. आठला घरी आले. ती दारातच उभी. आई, ती गोंदणवाली जिंकली, चल, मोजायचं. मी म्हटलं, उद्या. नागपूरला जायच्या आठवड्यात पुन्हा मागे लागली. मी म्हटलं, थांब गं, बॅगा भरून राहिले. मग एकदा रागावून म्हणाली, जा, मी माझीच मोजते. डोक्यावर पुस्तक ठेवून येते मोजता. ती करू शकली असती. मी काही बघायला आले नाही मागे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, मी दारामागे पाहिलंच नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमची यादी मे महिन्याआधीची आहे ना? त्या गोंदणवालीचं नाव होतं का भिंतीवर?"

यादी माझ्या हातात होती. मला ती बघायची गरज नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण त्यांना कोणतं उत्तर हवं आहे ते कळलं असतं तर मी बहुधा तेच दिलं असतं. होतं म्हटलं असतं तर मुलीने आईविना मोजून घेतलं असा अर्थ झाला असता. नव्हतं म्हटलं तर ती तशीच राहिली. चेहऱ्यावरून मला काही ठरवता आलं नाही. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"नव्हतं," मी म्हटलं. "सातच होत्या. मी दिवा लावून, टेप लावून मोजल्या होत्या. पुसट काही असतं तरी मी लिहिलं असतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी श्वास सोडला. त्या खोलीत मला इतके महिने जो ऐकू येत नव्हता, तसा लांब, पूर्ण श्वास. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे थांबली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "कधी एक गोष्ट ऐकायची नाही माझी. जेवायला बस म्हटलं तर नाचायची. थांब म्हटलेलं तेवढं ऐकलं."

मी दार उघडायला हात पुढे केला. त्यांनी विचारलं, "रंग का दिला? चांगली तर होती भिंत."

"भीती वाटायची."

"तिची?"

"तेव्हा कुणाची ते माहीत नव्हतं. पण हो."

बाईंना ते विचित्र वाटलं नाही. एखादीने मुलाची तक्रार केल्यावर आईने बाजू घ्यावी तशा त्या म्हणाल्या, "ती घाबरवणारी नव्हती हो. बडबडी होती. इथं उभी करायची म्हटलं की मला दोनदा दम द्यावा लागायचा, तोंड बंद कर, हनुवटी हलते. रेघ मारून होईपर्यंत गप्प, आणि मग पुन्हा सुरू."

चहा त्यांनी घेतला, गार झालेलाच. मी केलेला शिरा घेतला नाही. डबा दिला, तो घेतला. गाडीत बसताना त्यांना काहीतरी आठवलं. काच खाली करून म्हणाल्या, "एकशे चव्वेचाळीस भरली असती. युनिफॉर्मची पँट घोट्याच्या वर गेली होती." मग जयभीम म्हणाल्या, मी नमस्कार केला, आणि गाडी कोपऱ्यावरून इब्र्याच्या रस्त्याकडे वळली.

नवरा यायचा होता. मी कप धुतले, मग टेप घेऊन स्टोअरमध्ये गेले आणि दार लावलं. पेन्सिल नेली नाही. टेप जमिनीपासून वर धरली आणि एकशे चव्वेचाळीसवर बोट ठेवलं. ते माझ्या नाकापाशी आलं. म्हणजे जवळजवळ तोंडासमोर तोंड. आठ महिने मी तिथे दार उघडताना खाली बघत होते, चार-पाच वर्षांचं मूल असावं तसं. मान वर केली आणि तिच्या उंचीवर बघितलं. भिंत पांढरी होती, श्वास कुणी सोडला नाही. मी थांबले. किती वेळ ते लिहून ठेवलेलं नाही.